पडलेल्याचं नाव

“एक फेटा, एक नारळ आन् घशाला सूज. येवढीच तुमची कमाई, दाजी,” माझा मेव्हणा रंगराव माझ्याच उंबऱ्यात उभा राहून मला सुनावत होता. मी मिठाच्या पाण्यानं गुळण्या करत होतो. तोंडात पाणी असलेला माणूस उलट बोलू शकत नाही, हे ओळखूनच त्यानं तोंड उघडलं असणार.

रंगराव माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. वयानं धाकटा, पण बोलणं असं की दोन्ही घरांचा पोशिंदा तोच. साखर कारखान्याचे चेअरमन आबासाहेब यांची जीप तो चालवायचा, आणि गावातून जाताना असा हॉर्न द्यायचा की जीप त्याला हुंड्यातच मिळाली असावी. मला तो पहिल्यापासून आवडत नव्हता. त्यालाही मी आवडत नव्हतो. नात्यापायी आम्ही एकमेकांना चहा पाजायचो, एवढंच.

मी पाणी अंगणात थुंकलं. “कमाईचं आता मिटलं न्हवं का? मग सकाळच्या पारी कशाला उकरून काढतोस?”

“मिटलं म्हणूनच सांगतोय. आज आबासायबांचं मैदान हाय. रोजच्यागत तोंडाला यील त्ये बोलू नगासा.”

“तोंडाला यील त्ये मी बोलत न्हाई. डोळ्याला दिसंल त्ये बोलतो.”

“त्येच नगं,” रंगराव म्हणाला.

आतून हौसा, माझी बायको, ओरडली, “रंगा, चहा घे आन् गप बस. जायच्या वक्ताला भांडान नगं.” ती परातीवर परात ठेवून पोत्यात भरत होती. पहाटेपासून तिचा हाच उद्योग चालला होता.

त्या काळी मी कुस्त्यांच्या मैदानात माईकवर बोलायचं काम करत असे. दिवाळी झाली की जत्रा सुरू व्हायच्या आणि गावोगावची बोलावणी यायची. पैलवान लाल मातीत उतरला की त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, तालीम, वस्ताद, मागच्या हंगामात त्यानं कुणाला कुठल्या डावावर पाडलं, हे सगळं मी न अडखळता सांगायचो. हलगी कडाडायची, माणसं झाडांवर चढून बसलेली असायची आणि माझा आवाज चारी भोंग्यांतून वाड्यावस्त्यांपर्यंत जायचा. त्यात मला जो आनंद व्हायचा तो दुसऱ्या कशातच झाला नाही. लग्नातही नाही. आणि हे मी हौसाला एकदा सांगण्याचा गाढवपणाही करून बसलो होतो.

पण ऊन तापलं की मैदानं संपायची. मग मी पारावर बसून गेल्या हंगामातल्या कुस्त्या तोंडानंच पुन्हा लावायचो आणि घर हौसा चालवायची. ती लोकांच्या रानात भांगलायला जायची. दिवसभर बसून सरकत सरकत खुरप्यानं गवत काढायचं, संध्याकाळी घरी येऊन बोटांत गेलेली कुसळं काढत बसायचं. ती निमूटपणे सोसायची असं मी म्हणणार नाही. रोज तोंड सोडायची, आणि तिचं खोटं काहीच नसायचं.

आबासाहेबांनी माझा आवाज कुठल्याशा जत्रेत ऐकला आणि रंगरावमार्फत निरोप धाडला. कारखान्यात कायमची नोकरी. महिन्याच्या महिन्याला पगार, कॉलनीत क्वार्टर, घरात नळ, पोरीला कारखान्याची शाळा. काम काय, तर आबासाहेब भाषणाला उभे राहायच्या आधी माईक धरायचा आणि लोकांना तापवून ठेवायचं. अट एकच होती. दुसऱ्या कुणाच्या मैदानात, जत्रेत, कधीच बोलायचं नाही. “माझ्या गोठ्यातलं जनावर दुसऱ्याच्या औताला जुपायचं न्हाई, असं म्हणालं सायेब,” हे रंगरावनं मला मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं. जनावर कोण, हे त्याच्या ध्यानात आलं नसावं. किंवा आलंही असेल.

मी बरेच दिवस घोळ घातला. मग हौसाच्या हाताला खुरपं लागलं. जखम चिघळली, हात सुजला, तरी ती चिंधी गुंडाळून कामाला निघाली. त्या दिवशी मी हो म्हणालो.

आता आबासाहेबांच्या वाढदिवसाचं मैदान होतं. शेवटची कुस्ती झाली की ते मला स्वतःच्या हातानं फेटा बांधणार आणि हा माणूस आता कारखान्याचा, असं सगळ्यांसमक्ष सांगणार, असं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर येऊन आमचं सामान नेणार होता.

निघताना हौसा दारापर्यंत आली. “अवो,” ती म्हणाली, “माईक हातात आला की तुमास्नी माणसं दिसत न्हाईत. आज तेवढं आमाला ध्यानात ठिवा.”

“शेवटचंच मैदान हाय,” मी म्हणालो. माझा आवाज जरा कडू आला असावा, कारण तिनं लगेच तोंड फिरवलं.

मैदान तुडुंब भरलं होतं. आखाड्याच्या एका अंगाला मंडप घातला होता. त्यात आबासाहेब सोफ्यावर बसले होते आणि सोफ्याच्या हाताशीच माझा माईक उभा केला होता. इतर ठिकाणी मी आखाड्याच्या कडेनं फिरत बोलायचो. इथं वायरच आखूड दिली होती. रंगराव माईकच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून बसला, म्हणजे मी काय बोलतो ते त्याच्या कानावरून गेल्याशिवाय भोंग्यात जाऊ नये.

दुपारपासून लहान जोड्या लागल्या. माझी एक पद्धत होती, आणि ती सगळ्या भागाला माहीत होती. निकाल लागला की मी पडलेल्याचं नाव आधी घ्यायचो. नाव, बापाचं नाव, गाव, तालीम, आणि शेवटी ‘कुस्ती देऊन गेला’ असं म्हणायचो. मग जिंकलेल्याचं. पडलेला पैलवानही त्यासाठी थांबायचा. नाव झालं की मातीला हात लावून उठायचा, आणि तो बाहेर जायला लागला की लोक त्याच्या पाठीवर थाप मारायचे. बाकीचे निवेदक मला हसायचे. हा पडलेल्यांचा भाट आहे म्हणायचे. म्हणेनात का. ही पद्धत मी कुठून आणली, ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं.

आबासाहेब दिवसभर ते ऐकत होते. एकदा माझ्याकडं वाकून म्हणाले, “जालंदर, हरणाऱ्याचं कवतिक जरा जास्तच करतोस की तू.”

“सवय हाय, आबासाहेब.”

“सवयी बदलत्यात,” ते हसून म्हणाले आणि पुन्हा आखाड्याकडं बघायला लागले.

शेवटची कुस्ती त्यांच्या बिरदेवाची. बिरदेव मेटकरी हा मेंढपाळाचा पोरगा, पण कारखान्याच्या तालमीत राहायचा आणि कारखान्याचाच खुराक खायचा. दूध, तूप, बदाम, सगळं आबासाहेबांच्या हुकमानं. अंगानं असा भरला होता की दारातून आत यायला त्याला तिरकं व्हावं लागे. समोर बोरजाईवाडीचा हैबती सुतार. काटक, काळा, लंगोटसुद्धा विटलेला. जोड बघूनच लोक हसले. वाढदिवसाला साहेबांनी गोड घास मागवलाय, असं कुणीतरी मागून ओरडलं.

सलामी झाली. बिरदेवानं पहिल्या झटक्यातच सुताराला खाली आणला आणि त्याच्यावर बसला. मंडपात टाळ्या पडल्या. सुतार मातीला घट्ट चिकटून राहिला. बिरदेव त्याला उलटवायला बघतोय, सुतार दाद देत नाही. बिरदेवानं घिस्सा डाव घातला, सुतार सुटला. पुन्हा धरला, पुन्हा सुटला. मी बोलत होतो, आणि खरं सांगतो, मला नोकरीही आठवत नव्हती की आबासाहेबही. बिरदेवाच्या छातीचा भाता वाजायला लागला होता. ते त्याच्या आधी मला दिसलं आणि मी बोलून गेलो, “बिरदेव दमला, मंडळी! सुतार आता उठणार!” रंगरावनं माझं धोतर ओढलं. आणि सुतार उठला. उठताना त्यानं बिरदेवाचा हात काखेत दाबला, कंबर आत घातली आणि ढाक मारली. एवढं मोठं धूड त्याच्या पाठीवरून गेलं आणि सपशेल पाठीवर आलं. दोन्ही खांदे मातीला लागले. झाडावरच्या पोरांनासुद्धा ते दिसलं.

मग जो गलका झाला, त्यात हलगीसुद्धा बुडाली. बोरजाईवाडीची माणसं आखाड्यात घुसली आणि सुताराला त्यांनी खांद्यावर घेतलं. पंचांनी बोट वर केलं. मी माईक तोंडाशी धरला.

तेवढ्यात आबासाहेबांचा तळहात माईकवर आला. त्याचा धप्प आवाज चारी भोंग्यांतून गेला आणि लोक एकदम मंडपाकडं बघायला लागले.

“ह्याचं नाव घ्यायचं न्हाई,” आबासाहेब हळू म्हणाले. चेहऱ्यावर हसू तसंच होतं, कारण लोक बघत होते.

“कुणाचं?”

“बिरदेवाचं. सुताराला इनाम दे, माझ्या वाढदिवसाचं चार शब्द बोल. संपलं मैदान.”

“आबासाहेब, दिवसभर मी समद्यांची नावं घेतली.”

“ती लोकांची पोरं हुती. ह्यो कारखान्याचा हाय. माझं दूध पिऊन माझ्याच वाढदिवसाला पाठ लावून घेतली, ह्ये तू भोंग्यातनं सांगणार व्हय?”

“समद्यांनी बघितलंय की ओ.”

“बघितलेलं माणूस इसरतं. भोंग्यातनं आलेलं वरीसभर चघळतं.”

“कारखान्याचं नाव घेत न्हाई. निस्तं त्याचं घेतो.”

“जालंदर,” ते म्हणाले, आणि आता हसू थोडं कमी झालं, “मी तुला इचारत न्हाई. सांगतोय.”

रंगराव खुर्चीवरून उठून माझ्या कानाशी आला. “दाजी, एक नाव! एक नाव न्हाई घेतलं तर तुमच्या बाचं काय जातंय? आक्का भांडी भरून बसलीय. तिचा तरी इचार करा.”

मी तिचाच विचार करत होतो. आईची शपथ, तिचाच करत होतो. दाराशी रचलेली पोती दिसत होती. तिचा सुजलेला हात दिसत होता. घरात नळ आला की ती पहिलं काय करील, हेसुद्धा मी मनाशी रंगवून ठेवलेलं होतं. एक नाव गिळायचं, एवढंच तर होतं.

पण बिरदेव उठला नव्हता. गुडघ्यांवर हात टाकून मातीत बसला होता. लोक हळूहळू गप्प झाले, कारण आता काय यायचं ते त्यांना ठाऊक होतं आणि ते येत नव्हतं. बिरदेव माझ्याकडं बघत होता. रडत नव्हता, रागावलेलाही नव्हता. नुसती वाट बघत होता.

मी मान खाली घातली. आबासाहेबांना वाटलं, ऐकलं यानं. त्यांनी माईकवरून हात काढला.

“पडलेला पैलवान!” मी म्हणालो, आणि माझा आवाज मलाच मोठा वाटला. “बिरदेव तुकाराम मेटकरी! गाव माळेवाडी! तालीम, कारखान्याची! कुस्ती देऊन गेला!”

कारखान्याचं नाव गाळतो असं मीच कबूल करत होतो. पण नाव घ्यायला लागलो की मला ते अर्धं घेता येत नाही.

बिरदेवानं माती कपाळाला लावली आणि तो उठला. माणसांनी त्याला वाट दिली. मी “विजयी पैलवान” एवढं म्हणालो आणि माझा आवाज एकदम बारका झाला. रंगरावनं वायर उपटली होती. उपटलेलं टोक हातात धरून तो माझ्याकडं बघत होता.

आता सुताराचं नाव राहिलं होतं. खांद्यावर बसलेला तो पोरगा भोंग्याकडं तोंड करून वाट बघत होता. मी माईक सोफ्यावर ठेवला, मंडपातून खाली उतरलो आणि आखाड्याच्या कडेनं चालत बोंब मारावी तसा ओरडलो, “विजयी पैलवान, हैबती सुतार, बोरजाईवाडी!” चार पावलं गेलो की पुन्हा. मागं ऐकू गेलं नाही तर तिकडं जाऊन पुन्हा. पुढं पुढं लोकच माझ्याबरोबर ओरडायला लागले. फेरी पुरी झाली तेव्हा माझ्या घशातून हवेशिवाय काही निघत नव्हतं.

मैदान पांगल्यावर आबासाहेबांनी मला मंडपामागं बोलावून घेतलं. माझ्यासाठी आणलेला फेटा समोरच्या टेबलावर होता. बिरदेवही भिंतीसारखा कोपऱ्यात उभा होता, अंगावरची माती अजून पुसलेली नव्हती.

“तुला भाकरी नगं हुती तर आधीच सांगायचं हुतं,” आबासाहेब म्हणाले. “माझ्या दारात यिऊन माझं नाक कापायची काय गरज हुती?”

“मी नाक कापलं न्हाई. पोरगं मन लावून लढलं. त्याचं नाव घेतलं,” मी बसलेल्या घशानं कसंबसं म्हणालो.

“त्याचं नाव!” ते बिरदेवाकडं वळले. “काय रे? बरं वाटलं तुला? साऱ्या मुलखाला कळलं, कारखान्याचा बैल उताणा पडला म्हणून. सांग की ह्याला.”

बिरदेवानं दंडावरची माती हातानं झाडली. मग माझ्याकडं बघून म्हणाला, “नाव घेतलं त्ये बेस केलं. न्हाईतर मला उठताच येईना झालं हुतं.” आणि पुढं म्हणाला, “पर माझा खुराक गेला आता. त्ये बी तुमच्यामुळंच.”

यातलं कुठलं पहिलं धरायचं आणि कुठलं दुसरं, ते मला आज इतक्या वर्षांनीही ठरवता आलेलं नाही. आबासाहेबांनी फेटा उचलून रंगरावच्या हातात दिला. “आत ठिव. दुसऱ्या कुणाला तरी हुईल,” म्हणाले आणि माझ्याकडं पाठ केली.

मी चालत घरी गेलो. रंगरावची जीप मला मधेच मागं टाकून गेली. हॉर्न त्यानं मुद्दाम माझ्या कानाशी वाजवला. मी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि तो सगळं सांगून मोकळा झाला होता. हौसा बांधलेल्या पोत्यांवर बसली होती.

“आलं तुझं राजं,” रंगराव म्हणाला. “इचार त्यांस्नी. एका मेंढक्याच्या पोराच्या नावापायी तुझं घरदार घालवून आलं. आक्का, ऊठ. पोरीला घे आन् चल माझ्यासंगट. ऱ्हाऊ दे ह्यांला हितं भोंगा उराशी धरून.”

हौसानं त्याच्याकडं बघितलंच नाही. “भोंगा हितवर ऐकू आला,” ती मला म्हणाली. “मेटकऱ्याचं नाव ऐकलं आन् मग बंद पडला. तवाच मी समजले. का केलंसा?”

मी बोलायचा प्रयत्न केला. घसा इतका बसला होता की मला तिच्याजवळ जाऊन, जवळजवळ कानाशी बोलावं लागलं. त्यामुळं रंगरावला ते ऐकू गेलं नाही, हे चांगलंच झालं.

मी तिला जे सांगितलं ते असं. अठरा-एकोणीस वर्षांचा असताना मीही कुस्ती करायचो. एकदा देवठाण्याच्या जत्रेत माझी जोड लागली. माझा बाप मैलोन् मैल चालत ती बघायला आला होता. गर्दीत त्याला मागं कुठंतरी जागा मिळाली. मी पडलो. लगेच पडलो. माईकवाल्यानं फक्त जिंकलेल्याचं नाव घेतलं, इनाम पुकारलं आणि पुढची जोड बोलावली. अंग धुऊन मी बापाला शोधत गेलो. तो टाचा उंच करून आखाड्याकडं बघत होता. मला बघितल्यावर म्हणाला, “तुजी कुस्ती कवा हाय रं?”

“मग?” हौसानं विचारलं. “काय सांगितलंसा त्यांला?”

“जोड न्हाई जमली, रद्द झाली म्हणालो. तो बिचारा तसाच परत चालत आला. मरस्तोवर त्याला म्हाईत न्हवतं.”

हौसाच्या डोळ्यांत पाणीबिणी आलं असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. तिनं माझ्याकडं चांगलं रोखून बघितलं, मग उठली, वरच्या पोत्याचं तोंड सोडलं आणि आत हात घालून भांडी खडखडवायला लागली.

“सोडतीस कशाला?” रंगराव ओरडला. “तशीच जीपमधी टाकतो की!”

“तवा काढतीय,” ती म्हणाली. “भाकऱ्या कशावर करू? तुज्या डोक्यावर?”

“म्हंजी तू हितंच ऱ्हाणार? ह्या माणसासंगट?”

“तू जा रंगा. तुजा सायेब वाट बघत आसंल.”

तो पाय आपटत गेला. जीप सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, जिंकलो. मी चुलीपुढं बसायला गेलो, तर तिनं तवा माझ्या पुढ्यात आदळला.

“लई खुशीत येऊ नगासा,” ती म्हणाली. “त्यो माजा भाऊ हाय. त्याला घालवला म्हंजी तुमचं बराबर झालं असं न्हाई. नळ माजा गेला. शाळा माज्या पोरीची गेली. तुमचं काय गेलं? तुमचं तर मैदान ऱ्हायलं.”

मी तवा उचलून चुलीवर ठेवला.

“सोमवारपास्नं मी भांगलायला जाणार न्हाई. माझ्या जागी तुमी जायचं. मैदान आसंल त्या दिवशी जावा मैदानाला, मी अडवणार न्हाई. बाकी रोज खुरपं.”

“अगं, भांगलायला बायका असत्यात. बायकांच्या पातीत मी एकटा?”

“आवाज तुमचा बाप्याचा आसंल. हात कुणाचं बी चालत्यात.”

आणि सोमवारी मी गेलो. कांद्याचं रान होतं, रस्त्याला लागूनच. ओळीनं बायका बसलेल्या, प्रत्येकीची आपापली पात, आणि शेवटच्या पातीला मी. पहिल्या दिवशी त्यांनी हसून हसून जीव नकोसा केला. एकीनं पदर तोंडात कोंबून विचारलं, “निवेदक, आमच्यात चितपट कोण झालं वो?” मी मुकाट्यानं गवत उपटत राहिलो. आठवडा संपायच्या आत हाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले. गुडघे सरळ होईनात. हौसानं हे इतकी वर्षं कसं केलं असेल, हे मला पारावर बसून कधी सुचलं नव्हतं. घरी गेलो की ती माझ्या हातांकडं बघायची, पण एका शब्दानं हळहळायची नाही. मला त्याचा राग यायचा आणि राग करायला तोंड नसायचं.

असंच एका दुपारी रस्त्यावर जीप थांबली. रंगराव गाडी चालवत होता. तो सरळ समोर बघत राहिला. आबासाहेब खाली उतरले नाहीत, एक पाय तेवढा बाहेर टाकून बसले आणि त्यांनी मला हाक मारली. मी बसलो होतो तिथंच मान वर केली.

“झालं गेलं जाऊ दे जालंदर,” ते म्हणाले. “तुझ्यासारखा दुसरा मिळंना. जागा अजून मोकळी हाय. क्वार्टरची किल्ली रंगरावच्या खिशात हाय. पुढल्या सभंत माईकवर येवढंच म्हण, त्या दिवशी माझ्याकडनं बोलायची चूक झाली. मग उद्याच ऱ्हायला ये.”

सगळ्या पाती थांबल्या. बायकांची खुरपी हातात तशीच राहिली.

मैदानात मी जे केलं ते तिरीमिरीत केलं, असं कुणी म्हणालं असतं तर मला ते खोडता आलं नसतं. हलगी कडाडत होती, हजारो माणसं बघत होती, रक्त तापलं होतं. आता हलगी नव्हती. पाठ मोडून आली होती, तळहात सोलवटले होते, नखांत माती गेली होती, आणि क्वार्टरमधला नळ मला त्या दिवशीपेक्षा जास्त स्पष्ट दिसत होता. मी थोडा वेळ त्या नळाकडं बघत राहिलो, असं म्हटलं तरी चालेल.

“न्हाई जमायचं, आबासाहेब,” मी म्हणालो.

“का?”

“चूक झाली न्हाई म्हणून.”

त्यांनी पाय जीपमध्ये घेतला. जायच्या आधी त्यांनी ओळीतल्या एकेका बाईवरून नजर फिरवत शेवटी माझ्यावर आणली.

“मैदानं गाजवणारा गडी तू,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “आन् बायकांच्या रांगंत उकिडवं बसून गवत काढतोस. लाज न्हाई वाटत?”

“वाटती की,” मी म्हणालो. “लई वाटती.”

“मग?”

“वाटू दे,” मी म्हणालो आणि पुढचं गवत धरलं.